चौथी फेरी

फॉर्ममागे अडतीस रुपये. नकाराचे काही नाहीत.
तरी नकाराला कोड आहे, शून्य चार,
आणि त्याच्यापुढे कारणासाठी
दीड ओळ मोकळी.

वाशी नाक्याची इमारत, जिन्यात दिवसाही काळोख.
विषय झोपेचा.
किती वाजता आडवे होता, रात्रीतून किती वेळा जाग येते,
उठल्यावर बरं वाटतं का :
नेहमी, कधीकधी, कधीच नाही.

सहाशे चारच्या म्हामुणकर बाईंनी
प्रश्न ऐकायच्या आधीच खुर्ची पुसली.
हे गेल्यापासून, म्हणाल्या,
काल झोप लागली का असं कुणी विचारलेलं नाही.
बावीस प्रश्न होते. त्यांनी चाळीसएकांची उत्तरं दिली.
मी फॉर्मच्या पाठीवर लिहीत गेले,
पाठ कोणी तपासत नाही हे माहीत असून.

समोरच्या दाराला आतून साखळी.
फटीत एक डोळा, एक कुडी :
"कंपनीच्या का सरकारच्या?"
संस्थेची, म्हटलं.
"म्हणजे दोघांची." दार लागलं.
दीड ओळीत मावलं असतं ते.
मी लिहिलं : वेळ नाही.

एक जण म्हणाला, मिळणार काय? पेन, म्हटलं.
निळं का काळं, म्हणाला, आणि बसला.

एका घरात पोरगाच उत्तरं देत होता आईच्या वतीने.
आई ओट्याशी, पाठमोरी, कणीक मळत.
प्रश्न अकरावा, घाबरून जाग येते का,
तेव्हा तिचा हात थांबला.
"नाही येत," पोरगा म्हणाला.

मुकादमचाचांनी चहा पाजला, खारी दिली,
माझं गाव विचारलं, बाप काय करायचा, मला सुटतात किती,
आणि सहीची वेळ आली तशी
बोटं लुंगीला पुसत म्हणाले,
पोरी, बाकी काहीही लिहून घे,
माझ्या सहीने एकदा घर गेलंय.

आमचं सहीवाचून गेलं.
खाडीकडेच्या आमच्या गल्लीत
दारांवर लाल रंगाने आकडे घालत माणसं आली
तेव्हा आई ससून डॉकला कोळंबी सोलत होती,
मी शाळेत.
ज्यांच्या दारावर आकडा, त्यांना ह्या इमारती.
आम्ही यादीत : बंद.

त्यानंतर अकरा वर्षं
कुणी नुसता कागद घेऊन फिरतोय असं कळलं
तरी आई खाडा करायची.
मतदार यादी, जंताच्या गोळ्या,
साबण कुठला वापरता, टीव्हीवर काय बघता :
तिने कुणालाच नाही म्हटलं नाही.
जात, वय, मजुरी, गेलेली दोन मुलं, सगळं सांगायची
आणि तो माणूस चपला घालत असताना
मागून विचारायची,
लिहिलंत ना? नाव लिहिलंत ना माझं?

म्हणून कुणी पटकन हो म्हटलं
की मला आधी भीती वाटते.

पलीकडच्या टॉवरात तर
वॉचमनच नाही म्हणतो, बावन्न घरांच्या वतीने.
मग हळूच विचारतो, झोपेचं आहे का? माझं घ्या ना,
सहा महिने रात्रपाळी चालूय.
तुम्ही नमुन्यात येत नाही, मी सांगते.
तो मान हलवतो, जणू हे त्याला
आधीही कुणी सांगितलंय.

बंद घराला तीन फेऱ्या, असा नियम.
तीनशे नऊला तिन्ही वेळा कुलूप.
खोडलं की मोकळी.

चौथीचे पैसे मिळत नाहीत.
रात्री नऊला पुन्हा चढले.
कुलूप नव्हतं. खांद्याला अजून पर्स अडकलेली
माझ्याच वयाची एक जण दारात आली,
कागद बघितला, मला बघितलं,
चौकटीला डोकं टेकवून म्हणाली,
"नको ना ताई. झोपायचंय."

शून्य चार.
कारण शब्दाला शब्द लिहिलं,
आणि चपला हातात घेऊन
जिना उतरले.